लो-कार्बनंतर एलडीएल वाढलं? या चुका टाळा

ठाण्यात तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत लो-कार्ब आहारासाठी भात-पोळी सोडलेली मंडळी हल्ली हमखास भेटतात. वजन उतरलेलं, शुगर आटोक्यात. मग लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट येतो आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चढलेलं दिसतं. काही जण घाबरून सगळंच सोडून देतात, तर काही जण ‘किटोत (कार्ब अगदीच कमी असलेल्या आहारात) असं होतंच’ म्हणत रिपोर्ट फाइलला लावून टाकतात. मला या दुसऱ्या गटाची जास्त काळजी वाटते.

भाताच्या जागी नुसतं तूप-बटर

मूळ गडबड बहुतेकदा इथेच असते. भात-पोळी गेली की पोट भरायला तूप, बटर, चीज, मलई, पनीर येतं, सकाळी बटर घातलेली कॉफी येते. तुपात साठ टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते, खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून जास्त. ही चरबी वाढली की रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार २००० कॅलरी खाणाऱ्याला संपृक्त चरबी दिवसाला साधारण २२ ग्रॅम चालते. १५ ग्रॅमचे दोन मोठे चमचे तूप घेतलं, की त्यातली १८ ग्रॅम तिथेच संपली. पनीर अजून ताटात यायचंय!

म्हणून फोडणीला शेंगदाण्याचं तेल घ्या, तूप चवीपुरतं. मासे खात असाल तर बांगडा, तारली यांच्यासारखी स्वस्त आणि चांगली चरबी दुसरी नाही. शाकाहारी असाल तर बदाम, अक्रोड, तीळ, जवसाची चटणी.

भाताबरोबर उसळही बंद

विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेतो आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. मटकी, मूग, फळं सगळंच बंद केलं की ही वाट अरुंद होते. जांभळी नाक्यावरून भेंडी, गवार, घेवडा आणा. दिवसाला १३० ग्रॅम कार्बच्या आत राहायचं असेल तर वाटीभर उसळ सहज बसते. कडक किटोत ती बसत नाही, पण तेवढा कडकपणा प्रत्येकाला लागतोच असं नाही.

रिपोर्टमधला एकच आकडा बघणं

समजा, आधी एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २२०. नंतर २४५, ४८ आणि ९५. ट्रायग्लिसराइड निम्म्याहून खाली आलं, एचडीएल वाढलं, म्हणून आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. पण एकूणमधून एचडीएल वजा करा: आधी १७२, आता १९७. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमन्यांना त्रास देणारा सगळा ऐवज, आणि तो वाढलाय. डॉक्टरांना विचारून एकदा एपोबी (अशा त्रासदायक कणांची संख्या सांगणारी) चाचणीही करून घ्या, तिच्यात चित्र आणखी स्वच्छ दिसतं.

चुकीच्या वेळी रक्त देणं

वजन भराभर उतरत असताना हे आकडे तात्पुरते हलतात. वजन काही आठवडे स्थिरावू द्या, मग त्याच लॅबमध्ये, दहा-बारा तास उपाशीपोटी, पुन्हा तपासा. सोबत टीएसएच ही थायरॉइडची चाचणी बघा, कारण थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल वाढतं. मुळात सडपातळ असलेल्यांत कडक किटोवर ते फारच उंच जाऊ शकतं. १९० किंवा त्याहून जास्त आलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा, विशेषतः घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेला कुणी असेल तर.

गोळ्यांचे निर्णय स्वतः घेणं

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी मनानं बंद करू नका. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर कार्ब कमी करण्याआधीच डोस ठरवून घ्या, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय किटो सुरूच करू नये: शुगर नॉर्मल दिसत असतानाही किटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची धोक्याची अवस्था) होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा आणि कोणती गोळी चालू आहे ते तिथे पहिल्यांदा सांगा.