हिवाळ्याआधी बोटीचं इंजिन: आधी पाणी काढा, मग अँटिफ्रीझ ओता

पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. इंजिनच्या ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांमध्ये एवढी जागा नसते, आणि बीडाचं ओतकाम ताणलं जात नाही, ते सरळ तडकतं. त्यासाठी महिनाभर कडाका पडावा लागत नाही. पारा शून्याखाली चार-पाच अंशांवर गेलेली एक रात्र पुरते. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात, ज्यांना सर्रास फ्रीझ प्लग म्हणतात. बर्फ झाला की त्या निसटतील आणि ब्लॉक वाचेल, असं बरेच जण धरून चालतात. खरं तर ओतकामातली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोकं बुजवायला त्या असतात. कधी निसटतात, कधी निसटत नाहीत, आणि निसटल्या तरी ब्लॉक शाबूत असेलच असं नाही.

या कामात वारंवार होणारी चूक म्हणजे पाणी न काढताच इंजिन चालू करून बादलीतलं अँटिफ्रीझ (सहजी न गोठणारा द्रव) खेचून घेणं. एक्झॉस्टमधून गुलाबी द्रव दिसला की काम झालं असं वाटतं. पण थेट बाहेरच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असेल तर ते अँटिफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून मॅनिफोल्डमधून (इंजिनचा धूर गोळा करून एक्झॉस्टकडे नेणाऱ्या भागातून) बाहेर पडतं. ब्लॉकमधलं पाणी तसंच राहतं. थर्मोस्टॅट उघडा असला तरी आतल्या पाण्यात मिसळून अँटिफ्रीझ पातळ होतं. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: पाणी पूर्ण काढायचं, मगच अँटिफ्रीझ.

इंजिन चालू असताना करायची कामं

टाकीत इंधन भरून घ्या, पण काठोकाठ नको. फुगायला थोडी जागा राहू द्या. अर्धवट टाकीत दमट हवा राहते आणि तिची वाफ आतल्या भिंतींवर पाणी होऊन जमते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हे पाणी मुरतं आणि प्रमाण वाढलं की इथेनॉलसकट खाली वेगळं बसतं. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर डब्यावर दिलेल्या प्रमाणात टाका. डिझेलमध्ये जिवाणूनाशक टाका, कारण तळाच्या पाण्यावर वाढणारा शेवाळासारखा गाळ पुढे फिल्टर तुंबवतो. मग इंजिन 10 ते 15 मिनिटं चालवा, म्हणजे औषध घातलेलं इंधन पाइप, फिल्टर आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं. बोट किनाऱ्यावर असेल तर ड्राइव्हच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या, बोटीमागच्या भागाच्या) पाणी घेणाऱ्या जाळ्यांवर रबरी वाट्या लावा, नळ सोडा आणि मगच स्टार्टर मारा. कोरडा फिरलेला रबरी इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) पाहता पाहता जळतो. पेट्रोल इंजिन असेल तर त्याआधी इंजिनखोलीचा ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा.

इंजिन गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल असतं. ते चार-पाच महिने बेअरिंगवर बसू देणं बरं नाही. बोटीत ड्रेन नटापर्यंत हात पोचणं कठीण, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढून काढतात. थंड ऑइल नळीतून नीट येत नाही आणि गाळही तळाशी राहतो. नवीन ऑइल भरून इंजिन पुन्हा दोन-तीन मिनिटं चालवा.

कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनात याच शेवटच्या फेरीत 1000 ते 1500 आरपीएमवर फॉगिंग ऑइलचा (आतले भाग गंजू नयेत म्हणून मारायच्या तेलाचा) फवारा हवा घेणाऱ्या तोंडातून मारतात. पांढरा धूर निघू लागला की थांबायचं. इंधन इंजेक्शनच्या इंजिनांना उत्पादक बहुतेकदा वेगळी पद्धत सांगतात, तेव्हा पुस्तक बघा. डिझेलमध्ये असा फवारा मारू नका. तो स्वतःच पेट घेऊन इंजिन बेफाम पळू शकतं.

पाणी काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंजिन कोमट होऊ द्या आणि बोट शक्य तितकी समतल ठेवा, नाहीतर एका टोकाला पाणी साचून राहतं. इंजिनच्या पुस्तकातलं ड्रेन प्लगचं चित्र समोर ठेवा. साध्या व्ही-8 मध्ये ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लग असतो, प्रत्येक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तळाला एकेक असतो, शिवाय फिरत्या पाण्याच्या पंपाचा खालचा जाड होज पाइप सोडावा लागतो. पॉवर स्टिअरिंगचा कूलर आणि असल्यास इंधनाचा कूलर हमखास विसरले जातात. हे नळकांड्यासारखे छोटे कूलर आडवे बसवलेले असतात आणि त्यांच्या पोटात पाणी राहतं. त्यांचे पाइप एका बाजूने सोडून पाणी ओघळू द्या.

प्लग काढला आणि पाणी आलं नाही, तर आत पाणी नाही असा अर्थ लावू नका. भोकाच्या तोंडाशी गंजाची खपली, वाळू आणि चिखल घट्ट बसलेला असतो. टोक वाकवलेली जाड तार आत घालून फिरवा. बरेचदा आधी तपकिरी घट्ट चिखल येतो, मग एकदम धार सुटते. धार थांबली की पुन्हा तार घाला. प्रत्येक भोकातून किती पाणी आलं ते बघा: ब्लॉकच्या एका बाजूने भरपूर आलं आणि दुसरीकडून कपभरच, तर दुसरी बाजू तुंबलेली आहे. काही प्लग सेन्सरखाली किंवा स्टार्टरमागे दडलेले असतात. हात पोचत नाही म्हणून एकही सोडू नका, कारण ब्लॉक नेमका तिथेच फुटेल.

स्टर्नड्राइव्ह (आतल्या इंजिनला जोडलेला, बोटीमागचा ड्राइव्ह) पूर्ण खाली ठेवा. वर उचललेल्या ड्राइव्हमध्ये पाणी अडतं, शिवाय रबरी बेलो (घडीदार नळ्या) ताणलेल्या अवस्थेत राहतात. बोटीच्या तळाचा प्लगही काढा, नाहीतर पावसाचं पाणी बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) साचून गोठेल.

अँटिफ्रीझ

पाणी पूर्ण निघाल्यावर प्लगच्या आट्यांना सीलंट लावून ते परत बसवा. थर्मोस्टॅटच्या घराशी लागलेले जाड पाइप सोडा. ब्लॉककडे जाणाऱ्या पाइपात तोंडाशी येईपर्यंत अँटिफ्रीझ ओता, मग मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या प्रत्येक पाइपात ओता. मोठ्या व्ही-8 ला साधारण 20 लिटर हाताशी ठेवावं.

प्रोपिलीन ग्लायकॉलचंच घ्या. एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. मुलं आणि जनावरं ते चाटतात आणि जिवावर बेततं. डब्यावरच्या आकड्याकडेही नीट बघा. उणे 50 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 45 सेल्सिअस, हा आकडा पाइप फुटण्याची मर्यादा सांगतो, गोठण्याची नव्हे. असं अँटिफ्रीझ उणे 10-12 सेल्सिअसलाच भुगाभुगा होऊ लागतं. ते भुसभुशीत राहतं म्हणून फोडत नाही, पण त्यात थोडं जरी पाणी मिसळलं तर ही गंमत संपते. कडक थंडीच्या भागात उणे 100 फॅरनहाइटचं घ्यावं. आणि ते पाणी न मिसळताच वापरायचं.

शंका असेल तर सगळ्यात खालच्या प्लगमधून थोडं परत काढून रिफ्रॅक्टोमीटरने (द्रव किती थंडीत गोठेल ते दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासा. तो नसेल तर नमुना बाटलीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 सेल्सिअसला, रात्रभर ठेवा. चमच्याने ढवळता आलं तर ठीक. दगडासारखं झालं तर आत पाणी राहिलं आहे.

बंद कूलिंगचं डिझेल

इथे ब्लॉकमध्ये कायमचं कूलंट असतं आणि बाहेरचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजर (कूलंटची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणारा भाग), पंप आणि एक्झॉस्टमधून जातं. या वाटेवर थर्मोस्टॅट नसतो, म्हणून बादलीची पद्धत इथे चालते. कूलंट तपासा: एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे असेल तर सुमारे उणे 37 सेल्सिअसपर्यंत निर्धास्त. मग सीकॉक (बोटीच्या बुडातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा, हीट एक्स्चेंजर आणि एक्झॉस्टच्या वॉटरलॉकचे (पाणी साठणाऱ्या पेटीचे) ड्रेन प्लग काढून पाणी सोडा आणि प्लग परत लावा. पंपाकडे जाणारा पाइप 10 लिटर अँटिफ्रीझच्या बादलीत बुडवा. एकाने एक्झॉस्टपाशी बादली धरून उभं राहावं, दुसऱ्याने इंजिन चालू करावं. रंग डब्यातल्यासारखा गडद दिसला की लगेच बंद. इंजिन चालू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नका. पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा दाब नसतो, वॉटरलॉक भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं.

बोट किनाऱ्यावर असेल तर बॉल व्हॉल्व्हचे सीकॉक शेवटी उघडे ठेवा. बंद व्हॉल्व्हच्या गोळ्यात घोटभर पाणी अडकतं आणि तेवढं त्याचं अंग फोडायला पुरेसं असतं.

आउटबोर्ड आणि गिअर ऑइल

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) सरळ उभा ठेवला की पाणी आपोआप निघून जातं. गोड्या पाण्याने धुवा, फॉगिंग करा आणि उभाच ठेवा, तिरपा नको.

गिअर ऑइल मात्र आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह दोन्हींचं थंडीच्या आधीच बदला. खालचा स्क्रू काढा, मग वरचा. ऑइल दुधाळ आलं तर सील गळतंय. तेच पाणी गोठून गिअरचं घर फोडतं, म्हणून आधी सील बदला. नवीन ऑइल खालून पंपाने भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येऊ लागलं की वरचा स्क्रू आधी लावा, मग खालचा. वायसर नवीन घाला.

इम्पेलर काढून ठेवा, कारण महिनोन्‌महिने एकाच जागी दबलेल्या पात्या वाकड्याच राहतात. एखादी पाती तुटलेली दिसली तर तिचा तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी शोधा. बॅटरी पूर्ण चार्ज करून केबल सोडा. भरलेली लेड-अॅसिड बॅटरी उणे 50 सेल्सिअसलाही गोठत नाही, उतरलेली उणे 10 सेल्सिअसच्या आसपास गोठते. दर महिन्याला व्होल्टेज बघा आणि 12.4 च्या खाली गेलं तर चार्ज करा.

काय काय काढलंय ते कागदावर लिहून तो इग्निशनच्या किल्लीला बांधा. वसंतात पहिला स्टार्टर मारण्याआधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर ब्लॉकला आतून तडा गेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन फिरवू नका, आधी कूलिंगची प्रेशर टेस्ट करा.