उद्धट वागण्याला उत्तर देताना या चुका टाळा

रांगेत कोणी मध्येच घुसतं. शेजारच्या सीटवरचा माणूस मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावतो. अशा वेळी बहुतेक जण एक तर मूग गिळून बसतात, नाहीतर एकदम अंगावर जातात. सभ्य शब्दांत सांगणाऱ्यांचंही बऱ्याचदा बिनसतं आणि त्याची कारणं ठरलेली असतात.

वागणं सोडून माणसावर बोलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "तुम्हाला काही रीतभात आहे की नाही?" असं विचारलं की भांडणच होणार, कारण समोरच्याने आता नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच नाही. "आवाज जरा कमी करता का?" एवढं पुरतं. विनंती अशी हवी की ती त्याला लगेच आणि चारचौघांत मान खाली न घालता मान्य करता यावी. रांगेत घुसणाऱ्याला "रांग तिकडून आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल" असं म्हणावं. त्याने मुद्दाम केलं हे उघड दिसत असलं तरी तसंच म्हणावं. माघार घ्यायला वाट मिळाली की पुष्कळ लोक ती घेतात.

आणि कित्येकदा खरंच लक्षात आलेलं नसतं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण चटकन त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्यावर आलेली वेळ मात्र नजरेआड होते. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये आपल्या सगळ्यांच्या याच खोडीवर बोट ठेवलं होतं.

टोमण्याला सभ्यपणा समजणं

"वा, फारच घाई दिसतेय!" यात शिवी नाही, पण झोंबतं ते शिवीइतकंच. लेखी टोमणा तर हमखास फसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपला सूर उपरोधाचा आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात ते ५६ टक्के वेळाच कळलं. नुसता अंदाज बांधूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात! म्हणून चॅटवर जे हवं ते सरळ लिहावं.

नको तितकी कारणं देणं

लग्न, पगार, वजन, मूल. या प्रश्नांपुढे भलेभले गडबडतात आणि कारणं सांगत सुटतात. "सध्या काम फार आहे" म्हटलं की "काम काय, कायमचंच!" हे पुढचं वाक्य तयारच असतं. दिलेलं प्रत्येक कारण खोडायला मिळतं. "त्या विषयावर नको बोलायला" असं हसऱ्या चेहऱ्याने सांगून गप्पा दुसरीकडे वळवाव्यात. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच सुरात. आवाज चढवायचा नाही आणि नवं कारणही जोडायचं नाही. पहिल्यांदा अवघड वाटतं, पण चालतं.

बैठकीत मध्येच तोडणाऱ्यालाही असंच आटोपशीर सांगावं: "माझं एवढं पूर्ण होऊ दे, मग तुझं ऐकू." नंतर त्याला खरंच बोलू द्यावं.

साचवणं, मग फुटणं

महिनाभर काही बोलायचं नाही आणि एक दिवस चहाच्या कपावरून सगळा हिशेब काढायचा, हे समोरच्यावर अन्याय करणारं आहे. त्याला आजवर कोणी काही सांगितलेलंच नसतं. राग मोकळा केला की शांत वाटतं, यावरही विसंबू नये. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आढळले. रागाची पहिली लाट ओसरू द्यावी, पण सांगायचं ते शक्यतो त्याच दिवशी आणि एकट्यात सांगावं.

सांगूनही फरक पडला नाही तर

आणखी एकदाच सांगावं. मग तिथल्या जबाबदार माणसाकडे जावं: वाहक, काउंटरवरचा कर्मचारी, वरिष्ठ. समोरचा दारू प्यायलेला असेल, धमकावत असेल किंवा अंगावर येत असेल तर समजावत बसू नये. तिथून निघावं आणि मदत बोलवावी.