सगळ्यांचा मिळून एकच डेटाबेस पासवर्ड आहे? आधी हे करा

टीममधले सगळे एकाच ॲडमिन लॉगिनने शेअर्ड डेटाबेसमध्ये शिरतात, मग एखादा कॉलम गायब झाला की कुणी उडवला ते कळतच नाही आणि नुसती ढकलाढकली चालू होते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर एवढं करा:

१. प्रत्येक डेव्हलपरला स्वतःच्या नावाचं लॉगिन.

२. त्याला फक्त वाचायचा हक्क. व्हर्जन १४ पासून पीजी_रीड_ऑल_डेटा हा रोल (हक्कांचा गठ्ठा) तयारच मिळतो, तो ग्रँट केला, म्हणजे लॉगिनला दिला, की पुढे बनणारी टेबलंही आपोआप दिसतात, दरवेळी ग्रँट मारत बसायला नको.

३. सगळ्या टेबलांची मालकी आणि त्यांच्या स्कीमाची (टेबलं ज्यात असतात तो कप्पा) मालकी एका वेगळ्या मायग्रेशन लॉगिनकडे, म्हणजे फक्त टेबलांची रचना बदलायच्या लॉगिनकडे द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सुपरयूजर (सगळे हक्क असलेला) सोडला तर ऑल्टर (रचना बदलणं) टेबलाच्या मालकालाच करता येतं आणि ड्रॉप (टेबल उडवणं) टेबलाच्या किंवा स्कीमाच्या मालकालाच. त्याचा पासवर्ड फक्त डिप्लॉयमेंट स्क्रिप्टकडे, म्हणजे बदल हवा तर फाइल गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) टाका, दुसऱ्याला दाखवा, मगच चालेल.

४. लॉग_स्टेटमेंट सेटिंग डीडीएल करा, टेबलांची रचना बदलणाऱ्या कमांड (क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप) लॉगमध्ये येतात; आतल्या डेटातले बदल मात्र येत नाहीत.

फक्त एक सांभाळा, तो वाचायचा रोल सगळंच दाखवतो, ग्राहकांचे फोन नंबरसुद्धा, म्हणून प्रॉडक्शनवर (ग्राहकांचा खरा डेटा असतो तिथे) तो न देता लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्ट, म्हणजे वाचायचा हक्क, द्या.