ध्रुवीय प्रदेशाचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शन आलं की ध्रुवांवरचे दोन-चार प्रकल्प ठरलेले. थर्माकोलचा डोंगर, निळं पाणी, कापसाचा बर्फ आणि एकाच हिमनगावर शेजारी शेजारी पेंग्विन नि पांढरं अस्वल. दिसायला लई भारी, पण परीक्षकानं "हा उत्तर ध्रुव की दक्षिण?" एवढं विचारलं की टेबलामागे सामसूम. अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेचे, हे आता बहुतेकांना माहीत असतं. खऱ्या चुका मापात आणि कोनात होतात, आणि त्यांच्यामुळे प्रयोग उलटं उत्तर देतो.

बर्फ वितळला, पाणी वाढलंच नाही

सगळ्यात जास्त बिघडणारा प्रयोग हा. दोन डब्यांत पाणी घ्यायचं. एकात बर्फ तरंगत ठेवायचा, म्हणजे आर्क्टिकचा समुद्री बर्फ. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढणाऱ्या दगडावर ठेवायचा, म्हणजे ग्रीनलंड किंवा अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ. पहिल्यात पातळी तशीच राहायला हवी, दुसऱ्यात चढायला हवी. प्रत्यक्षात कधी दोन्हींत चढते, कधी दोन्हींत काहीच दिसत नाही.

दोन्हींत चढली तर खूण कधी केली ते आठवा. तरंगत्या बर्फाच्या डब्यात खूण बर्फ टाकल्यानंतर करायची असते. बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारतो. बर्फ टाकण्याआधी खूण केली तर टाकताक्षणीच पाणी वर येतं आणि प्रयोग तिथेच संपतो. दुसरं कारण म्हणजे बर्फ तळाला टेकलेला असणं. पाणी कमी आणि खडे जास्त असले की ते एकमेकांवर चढून तळावर उभे राहतात. मग तो तरंगणारा बर्फ नव्हे, जमिनीवरचाच झाला. बोटानं हळूच दाबून पाहा, खडा खाली गेला पाहिजे.

काहीच दिसत नसेल तर डबा फार पसरट आहे. हिशेब सोपा आहे. फ्रिजच्या ट्रेमधले आठ-दहा खडे म्हणजे साधारण २०० ग्रॅम बर्फ, वितळून २०० मिलिलिटर पाणी. डब्याचा तळ २० गुणिले ३० सेंटिमीटर असेल तर पाणी जेमतेम ३ मिलिमीटर चढेल, आणि लांबून कुणालाच दिसणार नाही. तळ १० गुणिले १५ चा घेतला तर तेच पाणी १३ मिलिमीटर चढतं. दगडही आधी ओला करून ठेवा. सच्छिद्र जांभा तर नकोच, तो पाणी पितो. काळ्या बसाल्टचा तुकडा उत्तम, आणि आपल्याकडे त्याला तोटा नाही.

वेळेचा गोंधळही होतो. पाण्यातला बर्फ भरभर वितळतो, कारण पाणी हवेपेक्षा उष्णता लवकर पोचवतं. दगडावरचा मागे राहतो. परीक्षक टेबलापाशी पाच मिनिटं थांबणार. म्हणून सकाळीच एक जोडी पूर्ण वितळवून खुणांसह ठेवा आणि दुसरी जोडी चालू ठेवा. दमट हवेत डब्याच्या बाहेरून पाणी गळतं, ते "गळती" नव्हे, हवेतली वाफ आहे. खाली फडकं ठेवलं की झालं.

मीठ घातलेल्या पाण्यात गोड्या पाण्याचा बर्फ तरंगत ठेवला तर पातळी किंचित चढते, कारण खारं पाणी जड असल्यानं बर्फ थोडं कमी पाणी सारतो. २०० ग्रॅमला हा फरक सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे वरच्या छोट्या डब्यात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. प्रयोगात दिसणार नाही, पण हे माहीत असलेली मुलं परीक्षकाच्या उलटतपासणीत तरतात.

या प्रयोगाशेजारच्या फलकावर आकडे लिहा: ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर. "सगळा" या शब्दाखाली रेघ मारा, कारण हे उद्या घडणार असं कुणीच म्हणत नाही. आणि "मग कोल्हापूर बुडेल का?" हा प्रश्न येणारच. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. पंचगंगेचा महापूर वेगळा, त्याचं कारण पावसात आणि नदीत शोधायचं, ध्रुवांवरच्या बर्फाशी त्याचा असा थेट संबंध जोडू नका.

पृथ्वीगोल फिरवताना आस फिरते

दुकानातला पृथ्वीगोल साडेतेवीस अंशांत कललेला असतोच. मुलं तो उचलून बल्बभोवती फेरी मारतात, आणि स्टँड हातात असल्यामुळे त्याची कड सतत स्वतःकडे ठेवतात. झालं, आस फेरीबरोबर फिरली. मग उत्तर ध्रुव वर्षभर उजेडात किंवा वर्षभर अंधारात राहतो आणि ऋतू काही केल्या दिसत नाहीत.

उपाय: स्टँडच्या बुडाला कलाच्या दिशेनं खडूचा बाण काढा. टेबलावर चार जागा आखा: २१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर, २२ डिसेंबर. चारही जागी बाण एकाच दिशेला. लक्षात ठेवायला शहरातली सोपी खूण म्हणजे चारही ठिकाणी आस जोतिबाच्या डोंगराकडे. मग जूनच्या जागेवर उत्तर ध्रुव आपोआप बल्बकडे झुकतो आणि डिसेंबरच्या जागेवर दक्षिण ध्रुव. अर्थात, जूनची जागा बल्बच्या जोतिबाकडच्या बाजूला चुकून आखली तर सगळं उलटं होईल. ती पलीकडच्या बाजूला हवी.

बल्बही पाहून घ्या. नेहमीच्या एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग पांढऱ्या प्लास्टिकचा असतो आणि उजेड पुढेच जातो. होल्डरमध्ये उभा लावला तर छत उजळतं, गोल अंधुक राहतो. चहूबाजूंनी उजेड देणारा काचेचा, तारेसारख्या पट्ट्यांचा बल्ब घ्या आणि त्याची उंची गोलाच्या मध्याइतकी ठेवा. बल्ब वर असेल तर उत्तर ध्रुव डिसेंबरातही उजळलेला दिसेल.

"ध्रुव सूर्यापासून लांब आहेत म्हणून थंड" हे वाक्य दरवर्षी एखाद्या फलकावर असतंच. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आणि तेव्हा उत्तर ध्रुवावर काळोख असतो. कारण कोन आहे. ध्रुवावर सूर्य फार तर साडेतेवीस अंश वर येतो. कोल्हापुरात २२ डिसेंबरच्या दुपारीसुद्धा तो ५० अंशांवर असतो. टॉर्चला कागदाची नळी लावून आलेखकागदावर उजेड पाडा, आधी सरळ वरून, मग साडेतेवीस अंशांनी, आणि चौकोन मोजा. ठिपका अडीचपटीच्या आसपास पसरतो. इथे चूक एकच होते: टॉर्च तिरपा करताना हात मागे जातो. ३० सेंटिमीटरची दोरी बांधून अंतर पक्कं करा. शिवाय पडलेल्या उजेडातला मोठा हिस्सा पांढरा बर्फ परत फेकतो, हे शेजारी काळ्या नि पांढऱ्या कागदाखाली थर्मामीटर ठेवून दाखवता येतं.

नकाशा: भिंतीवरचा उतरवू नका

वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असेल, मूळ १५६९ सालचा, जहाजांच्या दिशेसाठी काढलेला. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं पाहता आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अंटार्क्टिका तर तळाशी पांढऱ्या पट्टीसारखी पसरते. प्रत्यक्षात हा साधारण गोलाकार खंड आहे, क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, भारताच्या चौपटीहून थोडं जास्त.

ध्रुव मध्यभागी ठेवून नकाशा काढणं कंपासपेटीनं जमतं. दर १० अंशांना ४ सेंटिमीटर धरा. मध्यबिंदू दक्षिण ध्रुव. ८०, ७० आणि ६० अंशांची वर्तुळं अनुक्रमे ४, ८ आणि १२ सेंटिमीटर त्रिज्येची. साडेसहासष्ट अंशांचं ध्रुववृत्त ९.४ सेंटिमीटरवर. शून्य रेखांश वर ठेवा.

गडबड इथे होते: दक्षिण ध्रुवावरून पाहताना पूर्व रेखांश घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वाढतात, उत्तर ध्रुवावरून पाहताना उलट. दोन्ही नकाशे एकाच दिशेनं आखले की एक आरशातला होतो. तपासायला सोपं आहे, दक्षिण अमेरिकेकडे निघालेलं अंटार्क्टिकाचं शेपूट, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प, वर डावीकडे आलं पाहिजे.

आता भारताची ध्रुवीय संशोधन केंद्रं. मैत्री साधारण ७०.८ अंश दक्षिण, ११.७ अंश पूर्व, म्हणजे मध्यापासून ७.७ सेंटिमीटर. २०१२ मध्ये सुरू झालेलं भारती ६९.४ दक्षिण, ७६.२ पूर्व, म्हणजे ८.२ सेंटिमीटर. दोन ठिपक्यांतलं अंतर साडेआठ सेंटिमीटर यावं, प्रत्यक्षात २,३०० ते २,४०० किलोमीटर. दक्षिण गंगोत्री हे पहिलं केंद्र, पण ते बर्फाखाली गेलं. त्याला "चालू केंद्र" म्हणून दाखवू नका. हिमादी नव्हे, हिमाद्री. हे भारताचं केंद्र २००८ पासून उत्तरेकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. कोल्हापूरचा रेखांश सुमारे ७४.२, म्हणजे भारती केंद्र आपल्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, साडेनऊ हजार किलोमीटरवर. हे फलकावर आलं तर लोक थांबून वाचतात.

जाडी

४५ सेंटिमीटर रुंदीच्या अंटार्क्टिकाच्या प्रतिकृतीवर बर्फ म्हणून थर्माकोलचा ५ सेंटिमीटरचा थर ठेवणं चूक नाही. चूक आहे ते न सांगणं. त्या मापात १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर, आणि बर्फाची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर, म्हणजे ०.२ मिलिमीटर. तुम्ही उंची २५० पट वाढवली आहे, तेवढी चिठ्ठी लावा. आर्क्टिकच्या समुद्री बर्फाला मात्र तोच थर्माकोल चिकटवू नका. दोन मीटरचा बर्फ याच वाढवलेल्या मापात ५० मायक्रॉनच्या पिशवीएवढा होतो. निळ्या पाण्यावर प्लास्टिकचा पातळ तुकडा पसरा आणि शेजारी अंटार्क्टिकाचा डोंगर ठेवा. दोन ध्रुवांतला फरक त्याहून चांगला कुठलाही मजकूर सांगणार नाही.

खाऱ्या पाण्याचा बर्फ खारटच लागतो

समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांना गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. प्रयोगात मात्र बर्फ खारट लागतो, कारण छोटी वाटी चहूबाजूंनी गोठते आणि मीठ मधे अडकतं. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ वजन करून घ्या, "दोन चमचे" नको. डब्याच्या बाजूंना आणि तळाला जाड थर्माकोल गुंडाळा, तोंड उघडं ठेवा, म्हणजे गोठणं वरून खाली होईल. दर दोन तासांनी पाहा. वर दोनेक सेंटिमीटरचा थर आला की काढा, थंड पाण्यात झटकन बुडवा, वितळवा आणि चव बघा. पूर्ण गोडं लागणार नाही, पण फरक जिभेला कळतो. काचेची बाटली वापरू नका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बाटली फुटते.

होकायंत्र

सुई खऱ्या ध्रुवाकडे नसून चुंबकीय ध्रुवाकडे वळते, आणि तो ध्रुव सरकत असतो. १८३१ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस तिथे पोचला तेव्हा तो कॅनडाच्या उत्तर भागात होता. नंतर तो सायबेरियाच्या बाजूला गेला. जुन्या पुस्तकातली जागा उतरवू नका. कोल्हापुरात खरी उत्तर दिशा आणि सुईची उत्तर दिशा यांतला फरक जेमतेम एखाद्या अंशाचा आहे. तुमची सुई वीस अंश भरकटली असेल तर दोष ध्रुवाचा नाही, लोखंडी टेबलाचा किंवा शेजारच्या मोबाइलचा आहे.

"सहा महिने रात्र"

हे फक्त ध्रुवबिंदूवर, आणि तिथेही आधी-नंतर कित्येक आठवडे संधिप्रकाश असतो. ध्रुववृत्तावर सूर्य न मावळणारा काळ एखाद्या दिवसाचा. हिमाद्रीला तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत. ओझोनचं छिद्र सप्टेंबर-ऑक्टोबरात अंटार्क्टिकावर पडतं. बर्फ वितळण्याचं कारण म्हणून ते दाखवू नका, तो फ्रिजमधल्या जुन्या वायूंचा वेगळा विषय आहे.

बर्फ हॉलपर्यंत नेताना

पॉट आइस्क्रीमवाल्याचं पाहून डब्यात मीठ टाकण्याची युक्ती बरेच जण करतात. मिठानं तापमान उतरतं खरं, पण बर्फ वितळूनच. खडे अर्धे होतात आणि खारट पाणी प्रयोगात जातं. खडे कोरडे, बंद पिशवीत, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गच्च भरा. मोकळी जागा राहिली तर वर्तमानपत्र कोंबा. वजन हॉलमध्ये पोचल्यावर करा, घरी नव्हे.