रात्रीची लघवी आणि तीन दिवसांची नोंदवही

वयाच्या ५१व्या वर्षी मला रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले, तेव्हा हे प्रोस्टेटचेच दुखणे असणार, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी मात्र रक्तातील साखर आणि लघवी तपासून घेतली व तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसह लिहून ठेवायला सांगितले. काम कंटाळवाणे खरे, पण उलगडा त्यातूनच झाला. दर खेपेस थोडीथोडीच लघवी होत असती, तर संशय मूत्राशयावर किंवा प्रोस्टेटवर गेला असता. माझी मात्र दर वेळी ३०० ते ४०० मिलिलिटर भरत होती आणि चोवीस तासांतील जवळजवळ निम्मी लघवी रात्रीच होत होती. हे प्रमाण उतारवयात एक-तृतीयांशाहून अधिक असणेसुद्धा जास्त मानले जाते.

संध्याकाळी माझ्या घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटत, त्याकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे होताच रक्तात परतते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणून मी दुपारनंतर तासभर पाय उंचावर ठेवू लागलो, संध्याकाळचा चहा सोडला आणि रक्तदाबासाठी रात्री घेत असलेली, लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दुपारी घेऊ लागलो. (दिवसभर तहान मारून पाहण्याचा माझा आधीचा उपाय निव्वळ वेडेपणा होता.) महिन्याभरात उठणे एका वेळेवर आले, पहाटेचे ते एक उठणे अजून टिकून आहे.