धान पोटरीत आलं, धुऱ्याची भोकं आजच बुजवा

राजेहो, पाऊस परतायच्या बेतात आहे आणि मध्यम-जड (मध्यम ते उशिरा पिकणारं) धान पोटरीत आलंय, म्हणजे लोंब अजून पानाच्या आवरणातच आहे, तर बाकी कामं ठेवा बाजूला अन् आधी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चक्कर मारा. भंडारा-गोंदियाकडे दरसाल हेच पाहतो, रोवणी झाली, निंदण झालं, युरिया पडला की धुऱ्याकडे कोणी पाहतच नाही, खेकड्याच्या अन् उंदराच्या भोकातून रातभर पाणी खालच्या बांधीत (धानाच्या शेतात) जाते आणि सकाळी आपण म्हणतो जमिनीत मुरलं.

लोंब निसवायच्या (बाहेर पडायच्या) दहा-बारा दिवस आधी पोटरीतच परागकण बनतात. तेव्हा पाणी तुटलं की ते वांझ राहतात, लोंब अर्धी आतच अडकते, मग मागून मोटर लावून काही होत नाही. फुटव्याच्या वेळचा ताण धान सहन करते, हा नाही.

वाण सहनशील आहे म्हणून निवांत असाल तर कशाला सहनशील ते विचारा. ओडिशाच्या एफआर 13ए या धानातला सब1 जीन स्वर्णा या वाणात आणला, 2009 मध्ये स्वर्णा-सब1 आलं, ते बुडालं की उंच व्हायची धडपड न करता साखर राखून ठेवते म्हणून दोनेक आठवडे पाण्याखाली तगते. पुराच्या बांधीला एकदम चांगलं, पण निसवताना कोरड पडली तर त्याच्या भरवशावर राहू नका.

पांढरी लोंब दिसली की दुकानदार खोडकिड्याचं महागडं औषध हातात देते. आधी लोंब ओढून पाहा. अलगद निघून आली तर खोडकिडा, अन् तेव्हा फवारूनही ती लोंब भरत नाही. निघालीच नाही तर बहुतेक पाण्याचा ताण. टॉनिकच्या बाटलीनं वांझ दाणा भरत नाही, ते पैसे डिझेलला ठेवा.

भोक बाहेरून लिंपू नका, फावड्यानं आतपर्यंत खोला, चिखलात तणस (धानाचं काड) कालवून ठासा, टाचेनं दाबा, दुसऱ्या दिवशी परत पाहा. माझा अंदाज असा, दुपारी पान गुंडाळलं तर चालते, सकाळी आठलाच गुंडाळलेलं दिसलं तर त्याच दिवशी पाणी पाहिजे.

बाकी कामं:
- बांधीत पाणी 5 सेंमी
- युरियाचा शेवटचा हप्ता राहिला असेल तर एकरी 22 किलो, ओल असतानाच
- पाण्याची सोयच नसेल तर 13-0-45 (पोटॅशियम नायट्रेट) फवारा, 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम
- तुडतुडे एका चुडात (रोपाच्या झुबक्यात) 5-10 दिसले तर 3-4 दिवस पाणी काढा, मग लगेच भरा
- कापणीच्या 10 दिवस आधी पाणी बंद

बोडीत (छोट्या तळ्यात) पाणी असेल तर इंजिन आताच लावा, एकदा चिखलाला भेगा पडल्या की दिलेलं पाणी आधी त्या भेगाच पितात.