छाटणीसाठी जाणकार बोलावला

बागेतल्या मोठ्या झाडाची जाड फांदी छपरावर टेकायला लागली होती. पहिला आलेला म्हणाला, "शेंडाच उडवतो, मग बघायलाच नको." त्याला तिथूनच परत पाठवलं. शेंडा उडवला की धुमाऱ्यांचं रान माजतं, आणि त्यांची पकड कच्ची असल्याने वाऱ्यात आधी तेच मोडतात.

दुसऱ्याने झाडाभोवती चक्कर मारली, बुंधा ठोकून पाहिला, विम्याचा कागद न मागता दाखवला. चढला तोही दोरावरून; खिळ्यांचे बूट घातले तर जिवंत सालीला भोकं पडतात. फांदीवर त्याने तीन काप घेतले. खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट, मग जरा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही. उरला खुंट. तो कापताना फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर कड त्याने शाबूत ठेवली, कारण जखम तिथूनच भरते. वर रंग लावू का विचारलं, तर हसला. रंगाने कुजणं थांबत नाही म्हणे. पाव भागाहून जास्त पालवी काढणार नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं. परवानगीची चौकशी मात्र मीच करून ठेवली होती.